बंदरावर उतरलेले धर्म

कविसंमेलन संपतं, चहाचे पेले फिरू लागतात आणि कुणीतरी जवळ येऊन मला विचारतं, ‘‘तुम्ही मराठी इतकं छान कसं काय बोलता हो?’’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट, त्यात कौतुकच असतं. मी हसून सांगतो, ‘‘तुम्ही जसं शिकलात तसंच. आईकडून.’’ प्रश्न तेवढ्यावर मिटतो. पण घरी परतताना मला वाटत राहतं, की या प्रश्नाच्या पाठीमागे इतिहासाची एक ठरावीक समजूत उभी आहे. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तीन वाक्यं शाळेपासून बसलेली असतात. इस्लाम घोड्यावर बसून, तलवार घेऊन उत्तरेकडून आला. ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या जहाजातून आला. आणि बौद्ध धर्म इथून केव्हातरी निघून गेला. ही तिन्ही वाक्यं साफ खोटी नाहीत. पण ती अर्धी आहेत, आणि अर्धं वाक्य फार काळ उच्चारत राहिलं की ते पूर्ण वाटू लागतं.

मध्ययुगात जगातले मोठे धर्म आपापल्या जन्मभूमीपासून हजारो मैल दूर कसे गेले, हा विषय अफाट आहे. सगळं जग पालथं घालायला आज वेळ नाही. म्हणून मी तुम्हाला आपल्याच समुद्राकाठी नेणार आहे. उत्तरेला संजाण आणि दक्षिणेला चौल. मधे चिंचणी, सोपारा, ठाणे, कल्याण, माहीम. साधारण दोनशे किलोमीटरची किनारपट्टी. मध्ययुगातल्या सहा-सातशे वर्षांत जगातले निदान पाच-सहा धर्म या एवढ्याशा पट्टीवर एकमेकांना भेटले. धर्म कसा पसरतो आणि कसा बिघडतो, हे दोन्ही इथं पाहायला मिळतं.

सुरुवात वाऱ्यापासून करू. शिडाच्या जहाजाला वाऱ्याचं ऐकावंच लागे. नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर ओसरत आला की अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडून जहाजं आपल्या किनाऱ्याला लागत, आणि थंडीत ईशान्येकडचा वारा सुटला की परतीला निघत. तो ठरलेला काळ म्हणजे अरबीतला ‘मौसिम’. त्यावरून आपण ‘मोसम’ म्हणालो, आणि युरोपीयांच्या तोंडून फिरून तोच शब्द ‘मान्सून’ होऊन आपल्याकडे परत आला. परतीचा वारा सुटेपर्यंत व्यापाऱ्याला इथंच थांबावं लागे. माल विकायचा, मिरी-कापड-साग घ्यायचा, वखार सांभाळायची. थांबणं म्हणजे राहणं, आणि राहणं म्हणजे घर करणं.

धर्माच्या आधी शब्द उतरले. आपला कोळी बांधव होडीच्या मालकाला ‘नाखवा’ म्हणतो. हा फारसीतला ‘नाखुदा’, नावेचा धनी. ‘सुकाणू’ अरबीतल्या ‘सुक्कान’वरून आलं. ‘खलाशी’ अरबी, ‘बंदर’ फारसी. एकवीरेला नवस बोलणारा कोळी हे शब्द रोज उच्चारतो आणि ते परके आहेत असं त्याला स्वप्नातही वाटत नाही. वाटण्याचं कारणही नाही. ज्यांच्याबरोबर एका होडीत बसायचं, त्यांच्याशी बोलावं लागतं.

आता चौलला जाऊ. अरब लेखक त्याला ‘सैमूर’ म्हणत. इसवी सन ९१६च्या सुमारास बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल्-मसूदी तिथं आला. त्याने लिहून ठेवलंय, की या एका गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यांतले काही सिराफचे, काही ओमानचे, काही बसऱ्याचे आणि बगदादचे. या सगळ्यांबरोबर तो आणखी एका गटाचं नाव घेतो, ‘बयासिरा’. म्हणजे हिंदच्या भूमीवर जन्मलेले मुसलमान. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

मसूदी आला तेव्हा चौलवर शिलाहारांच्या झंझ राजाचं राज्य होतं. शिलाहार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. राष्ट्रकूट सम्राटाला अरब ‘बल्हरा’ म्हणत, म्हणजे आपला ‘वल्लभराज’. या बल्हराच्या राज्यात मुसलमानांना मान आहे, त्यांच्या मशिदी आहेत, असं मसूदी सांगतो. त्यांच्या आपसातल्या तंट्यांचा निवाडा करायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. त्याला ‘हुनरमन’ म्हणत. त्याआधीच्या, ८५१ सालच्या एका अरब वृत्तांतात तर अशी गंमत आहे, की बल्हराचे राजे अरबांशी स्नेहाने वागतात म्हणूनच ते दीर्घायुषी होतात, असं तिथले लोक मानतात! मसूदीने इथली भाषाही कानाने टिपली. चौल, सोपारा आणि ठाणे इथं बोलली जाणारी भाषा राजधानीकडच्या भाषेहून वेगळी आहे, असं सांगून तो तिला ‘लारिया’ म्हणतो.

आता साधा हिशेब करा. अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली ती १२९६ साली. मसूदीने चौलच्या मशिदींबद्दल लिहिलं ते त्याआधी तीनशे ऐंशी वर्षं. म्हणजे दख्खनमध्ये इस्लामची तलवार यायच्या आधी पंधरा पिढ्या तरी इथं अजान होत होती, हिंदू राजाच्या राज्यात, त्याच्याच संरक्षणाखाली. तलवार आली, हे खरंच आहे. पण ती आली तेव्हा मुसलमान इथं आधीच होता.

चौलहून वर उत्तरेला, डहाणू तालुक्यात चिंचणी नावाचं गाव आहे. तिथं काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८चा, म्हणजे ९२६ सालचा. मसूदी येऊन गेल्यावर दहाच वर्षांनी कोरलेला. भाषा संस्कृत, सम्राट राष्ट्रकूट इंद्र तिसरा. त्या वेळी संजाण आणि आसपासचा मुलूख सम्राटाच्या वतीने एक अधिकारी सांभाळत होता. ताम्रपटात त्याचं नाव ‘मधुमती’ आणि तो ‘ताजिक’ असल्याचं म्हटलंय. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती म्हणजे महंमद. कोरणाऱ्या पंडिताने त्या नावाला संस्कृतचा साज चढवला आणि त्यात मध आला. कवी म्हणून मला या पंडिताच्या कानाचं फार कौतुक वाटतं.

या महंमदाने काय केलं, तेही त्यात लिहिलंय. खाडीच्या प्रवाहांवर त्याने लोकांसाठी विनामूल्य तर सुरू केली. वाटसरूंसाठी अन्नछत्र घातलं, तिथं भात, कालवण आणि तूप वाढलं जाई. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला त्याच्या कारकिर्दीत गाव आणि जमीन दान दिली गेली. मठिकेची डागडुजी व्हावी, देवीला नैवेद्य दाखवला जावा, यासाठी. एका मुसलमान अधिकाऱ्याच्या अंमलात, हिंदू सम्राटाच्या नावाने, देवीच्या नैवेद्याची तरतूद होते. यात कुणाचा धर्म बुडाला नाही. त्याच परिसरातल्या १०३४ सालच्या आणखी एका ताम्रपटात गावच्या प्रतिष्ठितांच्या नावांत ‘अल्लिय’ आणि ‘मधुमत’ भेटतात. अली आणि महंमद शंभर वर्षांनंतरही गावच्या पंचांत होते.

याच संजाणला आणखी एक धर्म उतरला होता. इराणातून निघालेले जरथुश्त्राचे अनुयायी, आपले पारशी. त्यांच्या आगमनाची हकीकत ‘किस्सा-इ-संजान’ या फारसी काव्यात आहे. ते लिहिलं गेलं पुष्कळ नंतर, १५९९ साली. त्यामुळे त्यातला इतिहास किती आणि आठवण किती, यावर विद्वान वाद घालतात. पण आठवणीतही एक सत्य असतं. काव्यात म्हटलंय, की तिथल्या जादी राणाने या पाहुण्यांना जागा देताना काही अटी घातल्या. शस्त्रं खाली ठेवा. तुमच्या बायकांनी इथला पोशाख करावा. लग्नं संध्याकाळी लावा. आणि आपली भाषा सोडून इथली भाषा बोला. अग्नी विझवा, असं मात्र तो म्हणाला नाही. पारशांनी गुजराती इतकी आपली केली, की आज ती त्यांच्यापासून वेगळी काढता येत नाही. अग्नीही त्यांनी जपला.

आणि हे पारशी पुढे काय करतात? बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत पहलवी लिपीतले काही लेख आहेत. १००९ आणि १०२१ सालचे. इराणी वंशाची मंडळी लेणी पाहायला आली आणि भिंतीवर आपली नावं कोरून गेली. भिंतीवर नाव लिहायची आपली खोड किती जुनी आहे पाहा! पण गंमत बाजूला ठेवून विचार करा. अग्निपूजक माणसं, बुद्धाच्या विहारात, शिवभक्त शिलाहारांच्या राज्यात. कुणी त्यांना अडवलं नाही.

कान्हेरीचंही ऐका. बौद्ध धर्म इथून लवकर संपला असं आपण धरून चालतो. पण नवव्या शतकात कान्हेरी नांदती होती. तिथल्या शिलालेखांत दानाच्या नोंदी आहेत. पूजेसाठी इतके द्रम्म, डागडुजीसाठी इतके, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी इतके, आणि ग्रंथांसाठीही. एक दाता तर थेट गौड देशातून, म्हणजे बंगालहून आलेला होता. त्याने शंभर द्रम्म ठेवले. बौद्ध धर्म चीन, जपान, तिबेट, जावा असा पसरला तो व्यापाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या सोबतीने, आणि अनुवादकांच्या बळावर. इथं मात्र विहार डोंगरावर आणि त्याची चूल दानावर अवलंबून. खालच्या गावात लग्न, बारसं, मयत हे संस्कार दुसऱ्यांच्या हाती. बंदराचा पैसा आणि राजांचा कल दुसरीकडे वळला, तेव्हा विहार सुने होत गेले. याला इतरही कारणं आहेत, पण हे एक मोठं कारण मला दिसतं. ज्या धर्माचं स्वयंपाकघर गावात नाही, त्याला गाव फार दिवस सांभाळू शकत नाही.

ख्रिस्ती धर्माचं पाऊलही पोर्तुगीजांच्या फार आधी इथं पडलं होतं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो, की ‘कल्लियाना’ या बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणहून नेमला जातो. बहुसंख्य अभ्यासक हे बंदर म्हणजे आपलं कल्याण मानतात. वास्को द गामाच्या जवळजवळ साडेनऊशे वर्षं आधीची ही गोष्ट. आणि अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा बेने इस्रायली समाजात आजही सांगितली जाते. हे यहुदी तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागलं. त्यांनी गावांची नावं लावली, किहीमकर, पेणकर अशी, आणि मराठी ही त्यांची घरची भाषा झाली. गावाने त्यांच्या धर्माचं नाव नेमकं कधी विचारलं नसेल. घाणा कोणत्या दिवशी बंद असतो, एवढं गावाला पुरेसं होतं.

तुम्ही म्हणाल, हा कवी आपल्याला गोड गोड चित्र दाखवतोय. त्या काळी भांडणं झालीच नाहीत का? झाली. खंबायतची गोष्ट सांगतो. महंमद औफी या लेखकाने तेराव्या शतकात ती लिहून ठेवली. खंबायत बंदरात दंगल झाली. मशीद जाळली गेली, ऐंशी मुसलमान मारले गेले. मशिदीचा खतीब अली वाचला. दाद मागायला तो राजधानी पाटणला गेला, पण दरबारातली माणसं त्याला राजापर्यंत पोचू देईनात. तेव्हा त्याने सगळी हकीकत इथल्या देशी भाषेत पद्यात रचली, आणि राजा शिकारीला निघाला असताना वाटेत झाडाआडून पुढे होऊन ती त्याच्या हाती दिली. राजा होता जयसिंह सोळंकी, म्हणजे सिद्धराज. मंत्र्यांना काही न सांगता तो वेष पालटून सांडणीवरून खंबायतला गेला, बाजारात हिंडून खरं काय ते ऐकलं आणि येताना भांडंभर समुद्राचं पाणी घेऊन आला. दरबारात मंत्री म्हणाले, तक्रार खोटी आहे. राजाने ते पाणी त्यांना चाखायला दिलं. खारट! ‘हे पाणी आणायला मी स्वतः गेलो होतो,’ राजा म्हणाला. मग दोषींना शिक्षा झाली आणि मशीद पुन्हा बांधायला राजाने एक लाख नाणी दिली.

या गोष्टीत दंगल आहे आणि न्यायही आहे. पण मला तिच्यात महत्त्वाचं वाटतं ते त्या खतीबाचं पद्य. संकटात सापडलेला माणूस राजाकडे गेला तो अरबीत बोलला नाही. त्याला इथल्या भाषेत कविता करता येत होती. येत नसती तर तो न्याय मागू शकला असता का?

आता मला जे सांगायचंय ते सांगताना जीभ जड होते. पण निम्मा इतिहास सांगणाऱ्यांना नावं ठेवायची आणि आपणही निम्माच सांगायचा, हे बरं नव्हे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला यादवांचं राज्य बुडालं, आणि ठाण्यावर दिल्लीच्या सुलतानाचा अधिकारी बसला. १३२१च्या एप्रिलमध्ये पश्चिमेकडून आलेले चार ख्रिस्ती साधू ठाण्यात उतरले होते. त्यांना जायचं होतं चीनला. ठाण्यात त्या वेळी पंधरा जुनी ख्रिस्ती घरं होती, त्यांतल्या एका घरात ते राहिले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं. नवऱ्याने बायकोला मारलं. ती काजीकडे गेली. साक्षीदार कोण, म्हणून विचारलं तर म्हणाली, घरात चार फिरंगी साधू आहेत. काजीने साधूंना बोलावलं. मारहाणीचा तंटा बाजूला राहिला आणि धर्माचा वाद सुरू झाला. तुमचा प्रेषित मोठा की आमचा? साधूंनी कडक शब्दांत उत्तर दिलं. शेवटी चौघांना ठार मारण्यात आलं. त्यांचा जॉर्डानस नावाचा सोबती त्या वेळी बाहेरगावी गेला होता, तो परतल्यावर त्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे ओदोरिक हा प्रवासी त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेला. त्याच्या वृत्तांतात म्हटलंय, की दिल्लीच्या सुलतानाने ठाण्याच्या अधिकाऱ्याला या कृत्याबद्दल देहदंड दिला.

चिंचणीचा ताम्रपट ९२६चा, ठाण्याची हत्या १३२१ची. किनारा तोच. दोन्हीकडे मुसलमान अधिकारी. एकाच्या अमलात देवीला नैवेद्य मिळाला, दुसऱ्याच्या अमलात चार पाहुण्यांना मरण. कुराण तर बदललं नव्हतं! मग बदललं काय? मला वाटतं, धर्माची जागा बदलली. चिंचणीचा महंमद ज्या मातीत अंमल चालवत होता, त्या मातीतल्या लोकांची मर्जी त्याला राखायची होती. तिथं धर्म पाहुणा होता. ठाण्यात तो घरधनी झाला. पाहुणा असताना धर्म अदबीने बोलतो, घरधनी झाला की तो साक्षीदारालाच आरोपी करतो. हे काही इस्लामपुरतं नाही. कल्याणला आणि ठाण्याला ख्रिस्ती घरं शतकानुशतकं शांतपणे नांदली, आणि त्याच धर्माच्या हाती गोव्यात सत्ता आली तेव्हा १५६०मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं, देवळं पडली. १६८४मध्ये तर लोकांनी आपली भाषाच सोडावी असा हुकूम निघाला. सत्तेवर बसलेल्या धर्माला दुसऱ्याची भाषा सहन होत नाही, ही त्याची खूण आहे.

पण त्याच गोव्यात, त्याच धर्माचा एक माणूस होता. फादर स्टीफन्स. मूळचा इंग्लंडचा, १५७९ साली इथं आला. इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत, पुराणाच्या वळणाने. हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आज आपल्याला आठवत नाही. स्टीफन्सचं नाव मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक इतिहासात आहे.

हीच गोष्ट घाटावर घडली. दिल्लीहून महंमद तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, आणि तिच्यामागून आलेल्या सूफींत बुऱ्हानुद्दीन गरीब होते. १३३७ साली ते वारले. खुलदाबादला त्यांचा दर्गा आहे. राजधानी दिल्लीला परत गेली, दर्गा राहिला. पुढे विजापूरकडच्या सूफींनी बायकांसाठी दखनीत ‘चक्कीनामे’ रचले. जात्यावर दळताना म्हणायची गाणी. आपल्याकडे जात्यावरची ओवी होतीच. धर्माने तिच्या शेजारी जाऊन पदर पसरला, एवढंच. आणि सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून वारकऱ्यांच्या संतमेळ्यात जाऊन बसले. ज्ञानदेवांनी १२९०मध्ये गीता संस्कृतातून मराठीत आणली, ती ज्या कळवळ्याने, त्याच कळवळ्याचं हे दुसरं रूप आहे. लोकांना कळेल असं बोलावं, हा कळवळा.

कोकणातलं याचं उदाहरण माहीमला आहे. मखदूम अली माहिमी, १३७२चा जन्म, १४३१मध्ये निधन. अरब व्यापाऱ्यांशी नातं सांगणाऱ्या नवाइत घराण्यातला हा माणूस प्रकांड पंडित होता. कुराणावर त्यांनी अरबीत लिहिलेलं भाष्य विद्वानांत मानलं जातं. पण माहीमच्या लोकांनी त्यांचं भाष्य लक्षात ठेवलं नाही. लोकांनी लक्षात ठेवला तो रात्री तहानलेल्या आईसाठी पाणी घेऊन आलेला मुलगा. आई झोपी गेली होती. तिची झोपमोड नको म्हणून तो पाण्याचा पेला हातात धरून पहाटेपर्यंत तसाच उभा राहिला. आजही त्यांच्या उरुसाला पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो, आणि दर्ग्यात येणाऱ्यांना कुणी धर्म विचारत नाही.

आता मी परत चौलला येतो. मसूदीच्या त्या ‘बयासिरा’ शब्दापाशी. हिंदच्या भूमीवर जन्मलेले मुसलमान. त्यांचे बाप कुठले होते, ते मसूदीने नीट लिहिलंय. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. जहाजातून उतरले ते बहुतेक पुरुष होते. मग या मुलांच्या आया कोण होत्या? त्यांच्याबद्दल मसूदी एक अक्षर लिहीत नाही. त्या कुठल्या दुसऱ्या देशाच्या असतील? त्या इथल्याच. चौलच्या, रेवदंड्याच्या, आसपासच्या वाड्यांतल्या. बाप वाऱ्याबरोबर यायचा आणि वाऱ्याबरोबर जायचा. घरात असायची ती आई. तिने बापाची नमाज मुलाला शिकू दिली, पण त्याला झोपवताना ती कोणत्या भाषेत गात असेल?

कोकणी मुसलमानाच्या घरात आजही कोकणी बोली बोलली जाते, ती कुणा राजाच्या हुकमाने नाही. ती त्या बायांची ठेव आहे. धर्म कसा पसरला याची पुस्तकं व्यापारी, सूफी, मिशनरी आणि सुलतान यांच्या नावांनी भरलेली आहेत. ही नावं हवीतच. पण बंदरावर उतरलेल्या धर्माला ज्यांनी घरात घेतलं, त्याला इथलं खाऊपिऊ घातलं आणि इथलं बोलायला शिकवलं, त्यांची नावं कुठल्याच ताम्रपटात नाहीत.

तेव्हा पुढच्या कविसंमेलनात कुणी मला विचारलं, ‘‘मराठी कुठं शिकलात?’’ तर माझं उत्तर तेच असेल. आईकडून. मनातल्या मनात मात्र मी त्यात एवढंच जोडीन, की निदान अकराशे वर्षांपासून.